घानाला जाताय? ठिकाणांच्या आधी वार बघा

प्रश्न : आम्ही नवरा-बायको, दोघंही साठी ओलांडलेले. मुलगा घानात तेमा बंदरात नोकरीला आहे, त्याच्याकडे बारा-तेरा दिवस जायचं आहे. किल्ले आणि बाजार यांपलीकडे तिथली संस्कृती बघायला मिळेल का? पत्नी पूर्ण शाकाहारी आहे, तिचे हाल होतील का? आणि तिकडचे कपडे आपण घातलेले चालतात, की लोकांना खटकतं?

उत्तर :

विमानाचं तिकीट अजून काढलं नसेल तर थांबा. लोक आधी स्वस्त तिकीट बघतात, मग ठिकाणांची यादी करतात, आणि वेळ उरला तर संस्कृती. घानात हा क्रम उलटा करावा लागतो, कारण तिथलं बरंच आयुष्य वारावर चालतं. मी पश्चिम आफ्रिकेत बरीच वर्षं छोटे गट घेऊन जाते. घानाचा कार्यक्रम आखताना माझ्या वहीत पहिल्या रकान्यात गावांची नावं नसतात, वार असतात.

सुरुवात माणसांच्या नावांपासूनच होते. देशात सर्वांत मोठा समाज अकान लोकांचा. त्यांच्यात मूल ज्या वारी जन्मलं त्या वाराचं नाव त्याला आपोआप मिळतं. शुक्रवारी जन्मलेला मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे, रविवारचा क्वासी, सोमवारचा क्वाद्वो, मंगळवारचा क्वाबेना, बुधवारचा क्वाकू, गुरुवारचा याव. मुलींची नावं याच क्रमाने अफुआ, अमा, अकोसुआ, अद्वोआ, अबेना, अकुआ, या. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८ ला कुमासीत जन्मले, तो शुक्रवार होता. घानाला ६ मार्च १९५७ ला स्वातंत्र्य मिळवून देणारे क्वामे एन्क्रुमा शनिवारचे. तुम्ही दोघांनी आपापला जन्मवार आत्ताच काढून ठेवा. बाजारात, बसमध्ये, मुलाच्या शेजाऱ्यांकडे, कुठेही गप्पा सुरू झाल्या की तो विचारला जाणार. सांगितलात की तुम्हाला नाव मिळणार, आणि पुढे सगळे त्याच नावाने हाक मारणार.

आता तुमचा कार्यक्रम. शनिवार-रविवारकडे राजधानी अक्राला उतरा. तेमा तिथून जवळच आहे. दोन दिवस मुलाच्या घरी आराम करा आणि सोमवारी दुपारी केप कोस्ट या किनाऱ्यावरच्या शहराकडे निघा. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण अक्रातून बाहेर पडतानाच बराच वेळ जातो.

मंगळवारी किनाऱ्यावर का, ते सांगते. घानाच्या बहुतेक किनाऱ्यावर मंगळवारी कोणी मासेमारीला जात नाही. तो समुद्रदेवतेचा विश्रांतीचा दिवस. एरवी पहाटे रिकामं होणारं, केप कोस्टजवळच्या एल्मिनाचं बंदर त्या दिवशी होड्यांनी गच्च भरलेलं असतं. एकाच झाडाच्या खोडातून कोरलेल्या लांबलचक होड्या, दोन्ही अंगांना रंगीत नक्षी, त्यावर बायबलची वचनं नाहीतर एखाद्या फुटबॉल क्लबचं नाव, वर पताका. माणसं वाळूत पाय पसरून जाळी दुरुस्त करत बसलेली. निवांत असल्यामुळे बोलतातही. फोटो काढण्याआधी मात्र विचारा. घानात हा नियम सगळीकडे पाळा, म्हाताऱ्यांच्या आणि देवस्थानांच्या बाबतीत तर नक्कीच.

त्याच बंदराच्या डोक्यावर एल्मिनाचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी तो १४८२ मध्ये बांधला, म्हणजे ते गोव्यात यायच्या अठ्ठावीस वर्षं आधी. १६३७ मध्ये तो डचांनी घेतला, १८७२ मध्ये इंग्रजांकडे गेला. सुरुवात सोन्याच्या व्यापारासाठी झाली, पुढे माणसं विकली गेली. आतल्या एका चौकात बायकांना कोंडत, आणि वरच्या सज्जात उभा राहून गव्हर्नर त्यांतली एक निवडत असे. वाटाडे तुम्हाला त्याच सज्जात उभं करतात आणि खाली बघायला सांगतात. केप कोस्टच्या किल्ल्यात पुरुषांच्या अंधारकोठडीच्या बरोबर वर प्रार्थनामंदिर होतं. समुद्राकडच्या दाराला 'परत न येण्याचं दार' म्हणतात. तिथून होडीत आणि होडीतून जहाजात. दाराबाहेर पाऊल टाकलं की आज समोर कोळ्यांची वस्ती, पोरांचा गलका आणि तळलेल्या मासळीचा वास. वळून बघितलं तर त्याच दारावर या बाजूने 'परतीचं दार' अशी पाटी आहे.

या दोन किल्ल्यांत तुमच्याबरोबर अमेरिका किंवा जमैकाहून आलेले लोक असणार. त्यांचे पूर्वज इथूनच कुठून तरी नेलेले. गुलाम आफ्रिकींचं पहिलं जहाज व्हर्जिनियाला पोचल्याला चारशे वर्षं झाली म्हणून घानाने २०१९ हे 'परतीचं वर्ष' म्हणून साजरं केलं, तेव्हापासून ही गर्दी वाढली. त्यांतले काही जण कोठडीत रडतात, काही भिंतीला हात लावून गप्प उभे राहतात. आपण मागे सरकायचं. तिथे हसत सेल्फी काढणारे पर्यटक मी पाहिलेत, आणि वाटाड्याने त्यांना दिलेल्या कानपिचक्याही ऐकल्यात. दोन्ही किल्ले एका दिवसात उरकू नका. एल्मिना मंगळवारी करा, केप कोस्ट बुधवारी सकाळी.

केप कोस्टजवळच्या काकुमच्या जंगलातला झुलता मार्ग सगळे सुचवतील. सात पूल, एकूण साडेतीनशे मीटर, सर्वांत उंच जागी जमिनीपासून चाळीस मीटरवर. पुलापर्यंत दगडी पायऱ्यांचा चढ आहे, त्यामुळे गुडघे कुरकुरत असतील तर सोडून द्या. जायचंच असेल तर दार उघडताच जा, दहानंतर शाळांच्या सहली येतात. हत्ती दिसतील ही आशा ठेवू नका.

गुरुवारी कुमासीकडे निघालात की वाटेत आसिन मान्सो लागतं. उत्तरेकडून चालवत आणलेल्या माणसांना विक्रीआधी शेवटची आंघोळ इथल्या नदीत घालत. तासाभराचा थांबा पुरतो.

कुमासी ही असांते, म्हणजे अकानांपैकीच एका समाजाच्या, राज्याची राजधानी, आणि इथेच वाराचं गणित सर्वांत महत्त्वाचं. अकान पंचांगात सहा दिवसांचा एक आठवडा आणि सात दिवसांचा दुसरा, असे दोन आठवडे एकत्र चालतात. सहा साते बेचाळीस. दर बेचाळीस दिवसांनी एक विशिष्ट रविवार येतो, तो अक्वासिदाए. त्या दिवशी मान्हिया राजवाड्यात असांतेहेने, म्हणजे असांतेंचा राजा, दरबार भरवतो. १९९९ पासून ओसेई तुतू दुसरे गादीवर आहेत. दरबाराच्या तारखा वर्षभर आधी कळतात. त्या आधी मिळवा आणि त्यांतल्या एका रविवारभोवती सगळी सहल बसवा.

दरबारात काय बघाल? घरातल्या खोलीएवढ्या रेशमी छत्र्या, त्या ढोलाच्या ठेक्यावर वरखाली नाचवत आणतात. हस्तिदंती शिंगं. दोन माणसांनी डोक्यावर वाहून नेलेले आणि मागून चालणाऱ्याने वाजवलेले ढोल. राजाच्या दंडांवर इतकं सोनं की हात तोलायला शेजारी माणूस लागतो. राजाशी थेट कोणी बोलत नाही. मध्ये ओक्येआमे असतो, राजाचा प्रवक्ता, हातात सोन्याचा मुलामा दिलेल्या मुठीची काठी घेऊन. त्या मुठीवर एखाद्या म्हणीतलं चित्र कोरलेलं असतं. शेजारी बसलेल्या आजोबांना त्या काठीबद्दल विचारा, अर्धा तास मजेत जाईल.

राजाचं सुवर्णासन मात्र या दरबारात दिसत नाही. त्यावर राजासुद्धा बसत नाही, त्यात सगळ्या असांतेंचा आत्मा आहे असं मानतात. ते आकाशातून शुक्रवारी उतरलं म्हणून त्याचंही नाव सिका द्वा कोफी, शुक्रवारी जन्मलेलं. १९०० मध्ये इंग्रज गव्हर्नर हॉजसनने ते आपल्याला बसायला मागितलं आणि लढाई पेटली. तिचं नेतृत्व एजिसूची राजमाता या असांतेवा हिने केलं. आसन इंग्रजांच्या हाती लागलं नाही. राजवाड्याच्या संग्रहालयात जरूर जा. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात लुटून नेलेल्या वस्तूंपैकी बत्तीस वस्तू लंडनच्या दोन मोठ्या संग्रहालयांनी २०२४ मध्ये इथे पाठवल्या, तीन वर्षांच्या उसनवारीवर. स्वतःचाच ऐवज उसना घेण्याबद्दल तिथले लोक काय बोलतात, तेही ऐकून या.

शुक्रवार कपड्यांसाठी राखा. बोन्विरे हे केंटे विणणाऱ्यांचं गाव कुमासीपासून तासाभराच्या आत आहे. आनान्से नावाच्या कोळी-किड्याचं जाळं बघून गावातल्या दोघांना विणायचं सुचलं, अशी तिथली कथा. माग अगदी अरुंद. विणकर बाकावर बसतो, खालच्या दोऱ्या पायांच्या अंगठ्याच्या बेचक्यात धरतो आणि आळीपाळीने ओढतो. उभे ताणे समोर कित्येक हात लांब पसरलेले, टोकाला दगड ठेवलेली फळी. पट्टी जशी विणून होते तसा तो दगड त्याच्याकडे सरकत येतो. पट्टीची रुंदी जेमतेम चार इंच. अशा वीस-चोवीस पट्ट्या शेजारी शेजारी शिवल्या की पुरुषाचं एक वस्त्र होतं. ते डाव्या खांद्यावरून घ्यायचं, उजवा खांदा उघडा. युनेस्कोने केंटेची विणकला २०२४ च्या डिसेंबरमध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

बाजारात केंटे म्हणून जे मिळतं त्यातलं बहुतांश कारखान्यात छापलेलं कापड असतं. पैठणी घेताना आपण पदराची उलटी बाजू बघतो, तसंच करा. छापील कापडाची मागची बाजू फिकी असते आणि पट्ट्यांचे शिवलेले जोड नसतात. पूर्ण वस्त्र महाग पडतं. मी गटातल्या लोकांना एक किंवा दोन पट्ट्यांचं उपरणं घ्यायला सांगते, ते वापरलंही जातं.

बोन्विरेजवळच न्तोन्सो आहे, आदिंक्रा ठशांचं गाव. झाडाची साल कुटून, दिवसचे दिवस उकळून काळा दाट रंग करतात, वाळलेल्या भोपळ्याच्या कवटीचे ठसे कोरतात आणि कापडावर उठवतात. प्रत्येक ठशाला नाव आणि अर्थ आहे. तुम्हाला स्वतः एक पट्टी छापू देतात. घासाघीस करा, पण छापून दाखवणाऱ्या पोराच्या मजुरीवर नको.

आपण घातलेलं चालतं का? चालतं, आणि लोक मोकळेपणाने खूश होतात. २००४ मध्ये सरकारने शुक्रवारी देशी कापड वापरण्याची मोहीम काढली, त्यामुळे त्या दिवशी बँका आणि कचेऱ्यांमध्ये छापील सुती कापडाचे सदरे आणि झगे दिसतात. पोचल्या-पोचल्या तेमात किंवा अक्रात सहा वार कापड घ्या आणि मुलाच्या ओळखीच्या शिंप्याकडे टाका. तुमच्यासाठी सदरा, वहिनींसाठी काबा आणि स्लिट, म्हणजे फुगीर बाह्यांचं पोलकं आणि अंगासरशी लांब घागरा. दोन-चार दिवसांत मिळतं. वहिनींनी एक साडीही न्यावी. दरबाराला साडी नेसून गेलेल्या बाईला माझ्या अनुभवात नेहमी पुढे बोलावून जागा दिली गेली आहे. उत्तरेकडचा जाड हातविणीचा घेरदार सदरा, फुगू किंवा बाटाकारी, हाही सुरेख. स्वातंत्र्याच्या घोषणेवेळी एन्क्रुमा आणि त्यांचे सहकारी हाच घालून उभे होते.

रंगांचं मात्र भान ठेवा. लाल आणि काळा हे मयताचे रंग. कुमासीत शनिवारी सकाळी रस्त्यावर शेकडो लोक लाल-काळ्यात दिसतील, कारण शनिवार अंत्यविधींचा. मृत्यूनंतर कित्येक आठवडे, कधी महिने तयारी चालते. रस्त्याच्या कडेला मृताचा फोटो असलेले मोठे फलक लागतात. मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, कानठळ्या बसवणारे कर्णे, नाच. प्रत्येकाच्या मदतीची रक्कम ध्वनिक्षेपकावरून जाहीर होते आणि पावती मिळते. खूप वय होऊन गेलेला माणूस असेल तर लोक पांढऱ्या-काळ्यात येतात, म्हणजे तिथे आनंदही आहे. आपल्याकडे अनोळखी माणूस मयताला जात नाही. तिथे मुलाच्या एखाद्या सहकाऱ्याने बोलावलं तर नक्की जा, गडद कपड्यांत. आधीच बसलेल्या लोकांशी उजवीकडून सुरू करून डावीकडे हस्तांदोलन करत जा, थोडी रक्कम द्या आणि बसा. डावा हात द्यायला, घ्यायला, बोट दाखवायला वापरायचा नाही, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. पत्नीला हे सगळं जड वाटणार असेल तर परतताना अक्राजवळच्या तेशीला शवपेट्यांच्या कार्यशाळा बघा. कोळ्यासाठी माशाच्या आकाराची पेटी, कोको पिकवणाऱ्यासाठी कोकोच्या बोंडाची. गमतीत निघालेला माणूसही तिथून विचारात पडून बाहेर येतो.

आता खाणं. वहिनी उपाशी राहणार नाहीत, पण 'शाकाहारी' एवढं सांगून भागत नाही. बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ 'मटण-चिकन नको' एवढाच घेतात आणि मासळी येते. मांस नको, मासे नको, सुकट नको, शितो नको, असं एकेक सांगायचं. शितो म्हणजे तेलात परतलेली काळी तिखट चटणी. ती दिसते निष्पाप, पण तिच्यात सुकी मासळी आणि कोळंबीची पूड असते. रस्सा मसाल्याच्या वडीवर केलेला असेल तर त्या वडीतही कोळंबी असू शकते, तेही विचारा.

सकाळी हौसा कोको घ्या. ही बाजरीची आंबवलेली, आलं-मिरी घातलेली पातळ पेज, सोबत चवळीच्या वाटलेल्या डाळीचे वडे, त्यांना कोसे म्हणतात. हा नाश्ता पूर्ण शाकाहारी आणि पोटाला हलका. वाचे हा भात आणि चवळी एकत्र शिजवून करतात, शिजवताना ज्वारीची वाळलेली पानं घालतात म्हणून तांबूस रंग येतो. वाचे विकणाऱ्या बाईपुढे टोप मांडलेले असतात, हिरव्या मोठ्या पानात भात पडतो आणि तुम्ही बोट दाखवाल ते त्यावर येतं: गारी म्हणजे कसाव्याचा (साबुदाणा होतो त्या कंदाचा) भाजलेला रवा, शेवया, केळ्याचे काप, उकडलेलं अंडं, रस्सा, मासळी, गाईचं कातडं. शेवटच्या चौघांना, म्हणजे अंड्यापासून पुढे, आणि शितोला हात करून नको म्हणायचं. भात, गारी, केळं एवढ्यावर जेवण होतं. तिखट हवं असेल तर ताजी वाटलेली टोमॅटो-मिरचीची चटणी मागा.

रेड-रेड म्हणजे चवळीचं पामतेलातलं कालवण, सोबत पिकलेल्या केळ्याचे तळलेले काप. मासळी न घालता करून देतात, आधी सांगितलं तर. पामतेलाचा वास आपल्याला नवा असतो, पहिल्या दिवशी थोडंच खा. कोंतोमिरे ही अळूच्याच कुळातल्या पानांची भाजी, खरबुजासारख्या एका फळाच्या बिया वाटून घातलेली, उकडलेल्या सुरणासारख्या यामबरोबर. आपल्या जिभेला सर्वांत जवळची, पण तिच्यात बहुतेकदा खारवलेली मासळी असते. ती मुलाच्या घरीच करून खावी. संध्याकाळी रस्त्यावर केलेवेले, आलं-मिरची चोळून तळलेले केळ्याचे तुकडे. भाजलेलं केळं आणि शेंगदाणे या जोडीला लोक गमतीने कोफी ब्रोकमन म्हणतात, खिशात पैसे नसलेल्या कोफीचं जेवण. उत्तरेकडून येणारं वागाशी, पनीरसारखं चीज, तळून मिळतं. प्यायला सोबोलो, लाल अंबाडीच्या बोंडांचं आलं घातलेलं सरबत.

तुम्ही मांसाहारी असाल तर फुफू चुकवू नका. कसावा आणि कच्चं केळं उखळात कुटून केलेला मऊ गोळा, शेंगदाण्याच्या किंवा पातळ तिखट रश्शात बुडवून, उजव्या हाताने तोडून, न चावता गिळायचा. घानाचा जोलोफ, म्हणजे टोमॅटो-मिरचीत शिजवलेला भात, चांगला की नायजेरियाचा, या वादात पाहुण्याने पडू नये. आणि कोणी जेवत असताना तुम्ही शेजारी गेलात तर तो तुम्हाला ताटाकडे बोलावणार. तो शिष्टाचार आहे. हसून आभार मानायचे, खरंच बसायलाही हरकत नसते.

अक्रात परतल्यावर एक बुधवार उरेल. त्या दिवशी आगोमान्याचा बाजार भरतो, क्रोबो लोकांच्या काचेच्या मण्यांचा. मणी तयार होताना ओडुमासेजवळच्या एखाद्या भट्टीत बघा. बाटल्यांची काच कुटून पूड करतात, मातीच्या साच्यातल्या खळग्यांत भरतात आणि प्रत्येक खळग्यात कसाव्याच्या पानाच्या देठाचा तुकडा उभा करतात. भट्टीत तो जळून जातो आणि मण्याला भोक राहतं. उत्तरेतलं मोले अभयारण्य, जिथे वनरक्षकाबरोबर पायी हत्ती बघता येतात, ते या खेपेला सोडा. तुमच्या दिवसांत ते बसणार नाही.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. डिसेंबरनंतर सहारातून हरमटान वारा सुटतो, हवा धुळीने पांढरी होते, ओठ फुटतात, दम्याचा त्रास असेल तर औषधं जवळ ठेवा. मे-जूनमध्ये पाऊस, शिवाय त्या सुमारास होमोवो सणाआधी अक्रात ढोल वाजवायला महिनाभर बंदी असते.

व्हिसा आधी काढावा लागतो. पीतज्वराची लस सक्तीची आहे, ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. साठीनंतर ही लस पहिल्यांदा घेताना दुष्परिणामांचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून केंद्रात जाण्याआधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांशी दोघांनीही बोला. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारा. लसीचं पिवळं कार्ड पासपोर्टलाच जोडून ठेवा. उतरताना अक्रात ते बघतातच, पण परतीच्या वेळी भारतातही मागतात, आणि नसेल तर विलगीकरणात ठेवतात.